एकेचाळिसावं घर

४ फेब्रुवारी

जमलं! एकेचाळिसाव्या घरात आज आठही जण नेमके सव्वा दोन सेकंद थांबले. एकाचंही बोट हललं नाही. स्पीकरमधून ताईचा नी आला, संपला — मग काहीच नाही — आणि मग तिचा वरचा सा. चेलोवाली म्हणाली, "अंगावर काटा आला हो." कंडक्टर बाई सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, "या एका जागेसाठी तुला बाकीचं सगळं माफ." बाकीचं म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

वादक त्याला बार म्हणतात. मी घर म्हणते. सवय ताईची. माझा लिहिलेला कागद तिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली होती, "उभ्या रेघा मारून ही कसली घरं पाडलीस ग घाई? आणि सुराला शेजारच्या घरात जायचं असेल तर बेल वाजवायची का?" कंडक्टर म्हटल्यावर तर तिला बसच आठवायची. "तिकिटं नीट फाडते ना तुमची बाई?" — दर फोनला! (घाई म्हणजे मी, ताईपुरती.)

घरी आले, चपला काढता काढता फोन हातात घेतला. ताईला सांगायला. सात महिने झाले ती जाऊन. हाताला अजून कळलेलं नाही.

६ फेब्रुवारी

माहितीपत्रकासाठी दोनशे शब्द हवेत. उद्याच हवेत! सगळ्यांना सगळं उद्याच हवं असतं.

काय लिहायचं? खरं तर एवढंच आहे — बाबांची एक बंदिश, तीन ओळींची. त्यांनी ताईला तोंडी दिली, तिने ती कधी कुठे लिहिली नाही. तिच्या घरी, ओट्यावर डब्याला टेकून फोन उभा करायची, गायची आणि मला पाठवायची. ऑक्टोबर, डिसेंबर, जानेवारी, मार्च, मे — पाच वेळा. मी कान लावून पाचही उतरवून काढल्या. त्यातली मार्चची घेतली आणि तिच्याभोवती चार तंतुवाद्यं, ओबो, क्लॅरिनेट, हार्प आणि तालवाद्यं उभी केली. ताई स्पीकरमधून गाते, ते आठ जण तिच्या मागे-पुढे चालतात. तिच्याकडचं तिचं, माझ्याकडचं माझं, कुणी कुणाला आत ओढायचं नाही.

मार्चचीच का? कारण तिसऱ्या ओळीत, वर चढताना, नी आणि सा यांच्या मध्ये ताई थांबते. पाचांपैकी मार्चमध्ये सगळ्यात जास्त थांबते. शेवटची पायरी समोर दिसतेय आणि ती चढत नाही! आमच्या लिहिण्यात थांब्यावर डोळ्यासारखी एक खूण काढतात — वादकाने आपल्या मनाने थांबायचं. मी ती खूण काढली नाही. सेकंद लिहिले. २.२५. कुणाच्या मनाचा भरवसा नको.

शेवटी पत्रकात लिहिलं: "येथे गायिका शांततेलाच अलंकार बनवते. तोंडी परंपरेतला हा सूक्ष्म विलंब लेखी संगीताला अपरिचित आहे." वाचून मलाच माझा हेवा वाटला.

बाबा म्हणायचे, थोरलीचा गळा आहे, धाकटीचा नुसता घसा. दम तोकडा माझा. अर्धी ओळ झाली की मासोळीसारखं तोंड उघडायचं. म्हणून तर मी कागदाकडे पळाले. कागदाला दम लागत नाही.

९ फेब्रुवारी

व्हिओलावाल्याला ताप. तालीम नाही. दिवसभर कपाट आवरलं, म्हणजे कपाटातलं सगळं पलंगावर आणून ठेवलं.

११ फेब्रुवारी

हे लिहू की नको कळत नाही. लिहितेच.

तालीम संपल्यावर ओबोवाले मागे थांबले. पन्नाशी-साठीचे असतील, फारसं बोलत नाहीत, कायम ओबोत फुंकायची रीड तासत बसलेले — छोटी सुरी, अंगठ्यावर वेताचा तुकडा, बटाट्याचं साल काढावं तसं.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

असं विचारणारा माणूस राग आणणारच, हे मला कळायला हवं होतं. म्हटलं, विचारा.

"तुमच्या बहिणीला दमा होता का?"

म्हटलं, मुळीच नाही. तिच्या दमाची ख्याती होती आमच्याकडे!

ते म्हणाले, सूर जुळवायला मी तुमच्याकडून मूळ रेकॉर्डिंग घेतलं होतं ना, साफ न केलेलं. त्यात थांब्यामध्ये आवाज आहे. "तो अलंकार नाही हो. तो श्वास आहे. येत नसलेला."

मी काय म्हटलं असेन? तावातावाने म्हटलं — आमच्याकडे याला जागा म्हणतात. तुमच्या वाद्यात सगळं लिहिलेलं असतं, तुम्हाला नाही कळणार. हे मी म्हटलं! मी, जी पंचवीस वर्षं व्याख्यानं देत फिरते की दोन परंपरांनी एकमेकींचं ऐकायला शिकलं पाहिजे.

ते चिडले नाहीत. सुरी पुसली. "असेल. पण मी आठ वर्षांचा असल्यापासून दमेकरी आहे. तो आवाज मला झोपेत ऐकू आला तरी मी उठून बसेन." मग दारापर्यंत गेले आणि परत वळले. "फक्त एक कोडं आहे. श्वास घ्यायचा तर तिथे का? एक ओळ आधी घेतला असता तर सोपं होतं. ती जागा सगळ्यात वाईट आहे. जिना चढताना कुणी शेवटच्या पायरीवर बसतं का?"

म्हटलं ना, अलंकार आहे! — आणि निघाले.

१२ फेब्रुवारी

मूळ रेकॉर्डिंग लावलं. हेडफोन. आवाज पूर्ण वर.

आहे.

खर्र — बारीक. दोनदा. मग घशात काहीतरी अडकल्यासारखं. मग ओठ मिटल्याचा आवाज. मग सा.

हा आवाज मला माहीत आहे. साउंडवाल्याने विचारलं होतं, "मॅडम, मध्ये खरखर आहे, पंख्याची वगैरे असेल, काढू?" मी म्हटलं होतं, काढ. शांतता स्वच्छ हवी.

मी माझ्या हाताने तिचा श्वास पुसून टाकला.

१३ फेब्रुवारी

वही काढली. उतरवताना मी सगळं मांडून ठेवलेलं आहे. व्यवस्थितपणाबद्दल माझं नावच आहे. ऑक्टोबर: अर्धा सेकंद. डिसेंबर: एक. जानेवारी: दीड. मार्च: सव्वा दोन. समासात माझ्याच अक्षरात शेरा — "थांबा फुलत चाललाय! सुंदर!"

डॉक्टर तापाचा तक्ता ठेवतात तसा मी ताईचा ठेवला होता. फक्त डॉक्टर त्यावर "सुंदर" लिहीत नाहीत.

मे महिन्यासमोर: थांबा नाही. शेरा — "सपाट. नको."

तोंडात मारल्यासारखी बसले दिवसभर. पत्रक छापायला गेलंय. शांततेलाच अलंकार बनवते म्हणे! कान उपटावेत कुणीतरी माझे.

१५ फेब्रुवारी

भाऊजींना फोन केला. चार दिवस धाडस होत नव्हतं.

भाऊजी बोलायला मुळातच काटकसरी. आयुष्य चष्म्याच्या काचा घासण्यात गेलं. समोरच्याला दिसायला लागलं की झालं, आपण कशाला बोला. पण आज सरळ विचारलं. ताईला कधीपासून होतं?

"मागच्या सप्टेंबरात कळलं. म्हणजे त्याच्या मागच्या. फुप्फुसं आकसत चालली होती. औषधाने लांबवता येतं म्हणाले. थांबवता नाही येत."

सप्टेंबर. पहिलं रेकॉर्डिंग ऑक्टोबरचं.

मला का नाही सांगितलं?

"तिची सक्त ताकीद होती. म्हणायची, घाईला कळलं तर ती सगळं टाकून इथे येऊन बसेल, तिचं लिहायचं राहील." मग म्हणाले, "तू येशील असंच वाटायचं तिला."

सहा तासांचा प्रवास. शेवटचं जाऊन दोन वर्षं होत आली होती. "ये ना चार दिवस" — हे तिचं दर फोनचं शेवटचं वाक्य. "एवढा पहिला भाग हातावेगळा होऊ दे" — हे माझं. खोकला आहे एवढं मला माहीत होतं. विचारलं की म्हणायची, "हवा बदललीय ग." वर्षभर हवा बदलत होती आणि मला शंका आली नाही!

जुलैमध्ये गेले तेव्हा "अचानक झालं" हे ऐकून घेतलं. काय झालं ते विचारलं. कधीपासून, ते नाही विचारलं. तिसऱ्या दिवशी परत. तालमी होत्या.

१६ फेब्रुवारी

काही नाही.

१८ फेब्रुवारी

भाऊजींचाच फोन आला. त्यांचा फोन येणं म्हणजे मला धडकीच भरली. म्हणाले, त्या दिवशी एक सांगायचं राहिलं. मे महिन्याचं.

"आठ दिवस त्या एका ओळीवर बसली होती. सकाळी जरा दम बरा असायचा म्हणून सहाला उठून. म्हणायची, या वेळी न थांबता म्हणून दाखवते तिला, थांबून थांबून घाईच्या कानाला वीट आला असेल. मी म्हटलं, कशाला जिवाला त्रास? तर माझ्यावरच डाफरली. नवव्या दिवशी जमलं. मला हाक मारून ऐकवलं."

मी फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने आमचे जुने मेसेज शोधत होते. सापडलं. बावीस मे.

ताई: "कशी वाटली?"

मी: "छान. पण मार्चचीच बरी होती. त्यातला थांबा कमाल! तोच हवा."

ताई: "बरं."

विचारलं, माझं उत्तर वाचून काय म्हणाली?

"हसली. म्हणाली, घ्या! न मोडता म्हटली तर नको, मोडकीच आवडते तिला." मग म्हणाले, "वाईट नाही वाटलं हं तिला. उलट खुशीत होती. का ते देव जाणे. दिवसभर तीच ओळ गुणगुणत होती, खोकत खोकत."

भाऊजी भले आहेत. माझी समजूत काढायला असं काहीतरी म्हणणारच.

तिचं गुदमरणं मागून घेतलं मी. चांगलं आणून दिलं तर परत केलं. बाजारात भाजी परत करावी तसं. रडायला आलं की माणूस मोकळा होतो म्हणतात. मी दोन तास रडले. मोकळी वगैरे काही झाले नाही.

२० फेब्रुवारी

ठरलं. थांबा काढायचा. मार्चचं रेकॉर्डिंग काढायचं, मेचं घालायचं.

कंडक्टर बाईंकडे गेले. त्यांच्या खोलीत एक खुर्ची, एक स्टँड आणि सतत गार होत असलेला चहा. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वाईट झालं. पण कार्यक्रमाला तेवीस दिवस राहिलेत. शक्य नाही."

म्हटलं, मी बसून लिहिते.

"प्रश्न लिहिण्याचा नाही. तो थांबा काढलास तर रचनेत काय उरतं? त्याच्यासाठी तर मागची चाळीस घरं चढतोय आपण!"

म्हटलं, माझ्या बहिणीला श्वास मिळत नाही आणि लोक टाळ्या वाजवतात, हे मी करणार नाही.

"लोकांना कुठे माहीत आहे!"

"मला माहीत आहे ना."

बाई चिडल्या. चिडल्या की त्या हळू बोलतात, ते जास्त लागतं. "हे बघ, तुझं दुःख तुझं आहे. पण ती जागा आता आमची सगळ्यांचीसुद्धा झालीय. चेलोवाली रोज तिथे रडते."

मीही काही कमी नाही. म्हटलं, मग तिला दुसरीकडे कुठेतरी रडायला सांगा!

बाहेर आले तर चेलोवाली दारातच उभी. ऐकलं असावं. आता हिची माफी मागणं आलं.

२१ फेब्रुवारी

माफी मागितली. ती म्हणाली, "मी रडते ते तुमच्या ताईसाठी नाही, माझ्या आईसाठी. पण असो." गळ्यात पडली. मलाच रडू आलं, तिलाच मला गप्प करावं लागलं.

बाईंचा निरोप: आठ दिवसांत नवीन कागद दे, नाहीतर जुनंच वाजेल.

२५ फेब्रुवारी

मेचं रेकॉर्डिंग आज पहिल्यांदा ऐकलं. गेल्या वर्षी जे केलं ते ऐकणं नव्हतं, तपासणं होतं.

श्वास तिने तेहतिसाव्या घरात घेतलाय. शहाण्यासारखा, सोयीच्या जागी, दुसरी ओळ संपताना. मोठा नाही — वाटीभर. आणि तेवढ्या वाटीभर श्वासावर अख्खी तिसरी ओळ! एक थेंब सांडू न देता नेते वर. नी आला, पाठोपाठ सा. सा बारीक आहे, तासलेल्या पेन्सिलीच्या टोकासारखा. लगेच संपतो. पुढे तिला हवाच उरली नव्हती.

याला मी सपाट म्हटलं होतं.

शेवटी फोन बंद करायच्या आधी ती हळूच म्हणते, "झालं बाई." पाचही साफ करून घेतल्या तेव्हा हेही साउंडवाल्याकडून कापून घेतलं होतं मी.

२८ फेब्रुवारी

कागद दिले. तिसरा भाग पूर्ण नवीन. एकेचाळिसाव्या घरात आता सगळे वाहत वाहत पुढे जातात, कुणी थांबत नाही. पाठ मोडलीय, मान अवघडलीय, बोटं शाईने माखलीत. ताई असती तर म्हणाली असती, घाईने घाई केली एकदाची!

४ मार्च

तालीम. नवीन तिसरा भाग. जुनी सवय — एकेचाळिसाव्या घरात व्हायोलिनवाले दोघं आपोआप थांबले, बाकीचे पुढे गेले, सगळा गोंधळ. परत. परत थांबले. तिसऱ्यांदा बाईंनी काठी ठेवून दिली. "शरीर थांबायला बघतंय. मी काय करू?"

सातव्यांदा जमलं.

छान झालं. खरंच छान. अंगावर काटा आला नाही. कुणी काही म्हणालं नाही.

ओबोवाले बाहेर भेटले. मी त्यांच्याशी त्या दिवसापासून बोलले नव्हते, म्हणजे तोंडच नव्हतं मला. म्हटलं, चुकलं माझं. तुमचंच खरं होतं. ते म्हणाले, "अर्धंच. तिथे का थांबल्या ते मला अजून नाही सुटलं. आमच्या वाद्यात हवा कमी नाही पडत, उलट उरते. शिळी हवा आधी टाकायची, मग नवी घ्यायची. त्यामुळे श्वास कुठे घ्यायचा याचा विचार मी चाळीस वर्षं करतोय. तिथे कुणी घेत नाही."

म्हटलं, जाऊ द्या. आता तो थांबाच नाही.

"हो," म्हणाले. "तो आता नाही."

१० मार्च

भाऊजी येणार! स्वतःहून म्हणाले. ताईशिवाय ते कुठे गेल्याचं मला तरी आठवत नाही. गाडीचं तिकीट कसं काढायचं विचारत होते.

१२ मार्च

पत्रकाचे गठ्ठे आले. "शांततेलाच अलंकार बनवते." पाचशे प्रती. ते वाक्य काळ्या पेनाने एकेकीवर खोडत बसले. साठ झाल्या आणि हात टेकले. चेलोवाली आली, काही न विचारता पेन घेतलं आणि समोर बसली.

१५ मार्च

झालं.

सभागृह तीन चतुर्थांश भरलेलं. मी मागे भिंतीला टेकून उभी. ताई स्पीकरमधून आली. पहिली ओळ. दुसरी. तेहतिसाव्या घरात तिने श्वास घेतला आणि — आता मी तो पुसलेला नाही — अख्ख्या सभागृहाने तो ऐकला. एकेचाळीस. न थांबता वर. बारीक सा. "झालं बाई" ठेवलंय. कुणीतरी हसलं, चांगलं हसलं, आणि मग टाळ्या.

बऱ्याच वाजल्या. बाईंनी मला व्यासपीठावर ओढलं. भाऊजी सातव्या रांगेत, चष्मा हातात घेऊन बसलेले. टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते त्यांचे.

नंतर बाहेर भेटले. ताईने घेतलेला, दोन मापं मोठा कोट. म्हणाले, "मेचीच लावलीस. बरं केलंस. मेहनत वाया नाही गेली तिची." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडले. त्यांना काय करावं सुचेना. माझा चष्मा काढून घेतला, उजेडात धरला, "ओरखडे पडलेत ग, बदलून देतो," म्हणाले आणि रुमालाने पुसत उभे राहिले.

जाताना कोटाच्या खिशातून एक पुडकं दिलं. "तिच्या कपाटात कपड्यांच्या खाली होतं. तुझं नाव आहे वर. मला काही ऐकता नाही आलं, यंत्रच नाही घरी."

कॅसेट आहे. वर ताईचं अक्षर: "बाबा, मी, घाई."

आम्ही दोघी एकत्र गायलेलं मला काही आठवत नाही. सहा वर्षांची होते मी गाणं सोडलं तेव्हा. ताई बाराची.

१७ मार्च

साउंडवाल्याकडच्या जुन्या टेपवर ऐकली.

तीच बंदिश. ताईचा आवाज, आणि तिच्याखाली माझा, चिरका. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीत मी मागे पडते. ताई नीपर्यंत जाते — आणि थांबते. तिला दम लागलेला नाही, तिच्याकडे दोन ओळींना पुरेल एवढा आहे. तरी थांबते. शांतता. मासोळीसारखा श्वास घेतल्याचा आवाज, माझा. बाबा विचारतात, "आली का?" ताई म्हणते, "आली." मग दोघी मिळून सा.

शेवटच्या पायरीवर ती दम खायला बसली नव्हती. दम कुठेही खाता आला असता.

तोच थांबा हवा, असं मी मेमध्ये कळवलं. तिला वाटलं, मला आठवलं.

जुना कागद काढला. एकेचाळिसाव्या घरात थांबा परत लिहिला. २.२५ खोडलं. तिथे लिहिलं — धाकटी येईपर्यंत.